चुकीची आज्ञा आणि तांबडा दिवा

मुंबईहून निघालेली पंजाब मेल भोपाळ आणि बीना मागे टाकून झाशीच्या स्थानकात येते, तेव्हा तिच्यापुढे एकच वाट नसते. ग्वाल्हेर-आग्र्यावरून दिल्लीकडे जाणारा, कानपूरकडे जाणारा, माणिकपूरकडे जाणारा आणि ज्या दिशेने गाडी आली तो दक्षिणेचा, असे चार मार्ग येथे एकत्र येतात. महाराष्ट्राशी या स्थानकाचे नाते केवळ इतिहासापुरते नाही. १९५१ पासून २००३ पर्यंत झाशी विभागाचा कारभार मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्यालयातून चालत असे. पुढे तो उत्तर मध्य रेल्वेकडे गेला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. अशा या जंक्शनात एखाद्या रात्री गाडी सुटण्याची वेळ होऊन जाते, प्रवासी खिडकीतून डोकावू लागतात, आणि पुढचा सिग्नल मात्र तांबडाच असतो. प्रवाशाला वाटते, कोणीतरी गाडी अडवून धरली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. तांबडा दिवा ही सिग्नलची मूळ अवस्था होय. सांधे योग्य मार्गाला लागले, ते जागच्या जागी पक्के झाले, पुढचा मार्ग मोकळा असल्याची खात्री पटली, तरच तो हिरवा होतो. यांतील एकही गोष्ट सिद्ध झाली नाही, तर तो तांबडाच राहतो.

हे शहाणपण रेल्वेला आरंभापासून लाभलेले नव्हते. इंग्लंडमध्ये एके काळी सिग्नलचा हात सामान्यतः ‘जा’ असे सांगत असे, आणि धोका असेल तेव्हाच तो आडवा केला जाई. २१ जानेवारी १८७६ रोजी ॲबट्स रिप्टन येथे बर्फ साचून सिग्नलचे हात ‘जा’ याच स्थितीत अडकले. केबिनमधल्या माणसाने लीव्हर ओढला, धोका दाखवला असे त्याला वाटले. गाडीच्या चालकाला मात्र मोकळा मार्गच दिसला, आणि भीषण अपघात झाला. त्यानंतर रिवाज उलटा करण्यात आला. सिग्नलने स्वभावतः थांबवावे आणि खात्री पटल्यावरच सोडावे, असे ठरले. हाताला वजन अशा रीतीने लावण्यात आले की, ओढणारी तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हावा. रुळांतून वाहणाऱ्या विजेच्या मंडलाची रचनाही याच तत्त्वावर झाली. तार तुटो की वीज जावो, परिणाम एकच, तांबडा दिवा. ज्याला माहिती नाही त्याने पुढे जाऊ नये, हा त्या रचनेतला अर्थ.

रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी हाताळलेला हा प्रश्न आज संगणकाच्या जगात रोज नव्याने उभा राहतो. झाशीच्या आरक्षण-खिडकीवरचा लिपिक बोटे चालवतो, तेव्हा उत्तर देणारा संगणक दूरच्या शहरात असतो. बँकेतील खाते, रुग्णालयातील अहवाल, शाळेचा निकाल, या सर्वांमागे असेच संगणक उभे आहेत. मागेल त्याला सेवा पुरवणारा तो सर्व्हर. आणि त्या सर्व्हरमध्ये पडद्याआड राहून अहोरात्र काम करणाऱ्या कार्यक्रमाला डीमन म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रोजेक्ट मॅक या उपक्रमात रूढ झाले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एका विचारप्रयोगात, दाराशी बसून रेणूंची निवड करणारा एक चिमुकला अदृश्य जीव कल्पिला होता. त्यावरून ते सुचले. मराठी श्रोत्याने मात्र भुताखेतांकडे न वळता जुन्या वाड्यातील विश्वासू गड्याची आठवण करावी. तो कोणाच्या नजरेस फारसा पडत नाही; पण दार उघडणे, दिवा लावणे, आल्यागेल्याची विचारपूस करणे हे सारे त्याच्यावर अवलंबून असते.

असा गडी कामाला लागण्यापूर्वी मालकाने लिहून ठेवलेला एक कागद वाचतो. कोणत्या दाराशी बसावे, कोणते दप्तर उघडावे, कोणाला आत सोडावे, कोणाला परतवावे, झाल्या गोष्टींची नोंद कोठे करावी, हे त्या कागदावर असते. संगणकाच्या परिभाषेत हा कागद म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल. कार्यक्रम तोच राहतो. या फाइलमुळे तो एका ठिकाणी बँकेचे काम करतो आणि दुसऱ्या ठिकाणी ग्रंथालयाचे. ही फाइल बहुधा माणूस हाताने लिहितो, आणि माणसाच्या हातून चूक होते. तेव्हा प्रश्न असा, की पहाटे जागा झालेल्या या गड्याने कागद उघडला आणि त्यात लिहिलेले त्याला कळले नाही, किंवा पटण्याजोगे दिसले नाही, तर त्याने काय करावे?

उत्तरापूर्वी चुकांचे प्रकार ध्यानी घेतले पाहिजेत, कारण सर्व चुका एका जातीच्या नसतात. पहिली चूक व्याकरणाची. कंस उघडला पण मिटला नाही, ओळीच्या शेवटी आवश्यक असलेले चिन्ह राहून गेले; अशा वेळी वाक्याचा अर्थच लागत नाही. दुसरी चूक अपरिचित शब्दाची. ओळ सुबक आहे, पण तिच्यातील आज्ञेचे नाव डीमनला ठाऊक नाही. बहुधा एखादे अक्षर चुकलेले असते. तिसरी चूक मर्यादेची. संगणकाच्या दारांना, म्हणजे पोर्टांना, ६५,५३५ पर्यंतच क्रमांक असतात. तेथे सत्तर हजार लिहिले तर शब्द समजतो, पण असे दार अस्तित्वातच नाही. चौथी चूक परिस्थितीची. कागद निर्दोष आहे. परंतु ज्या कपाटाचा उल्लेख आहे ते कपाटच नाही, किंवा ज्या दाराशी बसायचे तेथे दुसराच कोणी बसलेला आहे. पाचवी चूक विसंगतीची. एका ओळीत ‘सर्वांना सोडा’ आणि दुसरीत ‘कोणालाही सोडू नका’. कागद पुरता वाचून भोवतालची पाहणी करणारा डीमन या पाचांपैकी बहुतेक चुका ओळखू शकतो. मालकाच्या मनात एक होते आणि त्याने बिनचूक भाषेत दुसरेच लिहिले, ही सहावी चूक मात्र कोणत्याही यंत्राला ओळखता येत नाही.

चूक ओळखल्यावर डीमनपुढे तीन वाटा असतात. न कळलेली ओळ गाळून, तिच्या जागी आपल्या पदरची काहीतरी समजूत घालून पुढे जाणे, ही पहिली. जेवढे जमेल तेवढे सुरू करून उरलेले बंद ठेवणे, ही दुसरी. आणि काहीही सुरू न करता स्पष्ट नकार देणे, ही तिसरी. पहिली वाट प्रथमदर्शनी सौजन्याची भासते. एका अक्षराच्या चुकीसाठी सारे काम का थांबवावे, असे कोणालाही वाटेल.

तथापि एक कल्पित प्रसंग पाहावा. झाशीतील एखाद्या रुग्णालयात रक्ततपासणीचे अहवाल ठेवणारा सर्व्हर आहे. हे अहवाल केवळ डॉक्टरांनाच दिसावेत, अशी एक ओळ व्यवस्था पाहणारा तंत्रज्ञ फाइलमध्ये लिहितो, आणि त्या ओळीतील आज्ञेच्या नावात एक अक्षर चुकते. सौजन्यशील डीमन ती अपरिचित ओळ सोडून देतो आणि कामाला लागतो. अहवाल झटपट उघडतात, कोणाची तक्रार येत नाही, तंत्रज्ञ समाधानाने घरी जातो. दाराला कुलूप लागलेलेच नाही, हे कोणाला कळावे तरी कसे? कुलूप नसलेले दार सर्वांनाच सोयीचे असते. महिनोगणती रुग्णांचे खाजगी अहवाल कोणालाही दिसण्याजोगे पडून राहतात. त्याऐवजी डीमनने सुरू होण्यास नकार देऊन ‘अमुक फाइलच्या अमुक ओळीतील हा शब्द मला कळत नाही’ एवढेच सांगितले असते, तर दोन मिनिटांत चूक दुरुस्त झाली असती. चूक करणारा माणूस अजून जागेवर आहे, त्याचा हात अजून त्या कागदावर आहे, आपण काय बदलले हे त्याच्या स्मरणात ताजे आहे, अशा वेळीच चूक कळणे सर्वांत स्वस्त पडते. ती पुढे ढकलली की तिची किंमत दुसराच कोणी भरतो.

व्यवहारात या बाबतीत एकमत नाही. दूरच्या संगणकात प्रवेश देणारा ओपनएसएसएच हा डीमन अपरिचित आज्ञा दिसताच ती ओळ दाखवून थांबतो. फाइलींची देवघेव करणारा सांबा मात्र अपरिचित ओळीची नोंद करून ती दुर्लक्षितो आणि पुढे चालतो. दुसऱ्या पद्धतीच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. कार्यक्रमाच्या आवृत्त्या बदलतात. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली फाइल जुन्या आवृत्तीपुढे आली, तर प्रत्येक नव्या शब्दावर अडून बसणे गैरसोयीचे होते. या पेचातून मायएसक्यूएल या माहितीकोशाने काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. त्याला अपरिचित शब्द दिसला तर तो थांबतो. परंतु शब्दाच्या आरंभी ‘लूज’, म्हणजे सैल, असे अक्षरांत लिहिलेले असेल, तर केवळ सूचना देऊन पुढे जातो. येथे सवलत आहे, पण ती देण्याचा अधिकार लिहिणाऱ्या माणसाचा आहे आणि त्याने तो लेखी वापरला आहे. गड्याने मनानेच ठरवावे आणि मालकाने आधी लिहून परवानगी द्यावी, या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

दुसरी वाट, अर्धवट सुरू होण्याची, पहिलीपेक्षाही अधिक फसवी असते. पूर्णपणे बंद पडलेली सेवा तत्काळ लक्षात येते. अर्धी चालणारी सेवा दुरून पाहणाऱ्याला पुरती चालू दिसते. अशा सेवेला कधी कधी जागा असते, हे खरे. दहा दालनांपैकी एकाची किल्ली हरवली म्हणून नऊ दालने बंद ठेवणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे नसते. परंतु कोणती दालने एकमेकांवाचून चालू शकतात हे आधी ठरलेले असावे आणि बंद दालनावर तशी पाटी असावी. रेल्वेतही असा प्रघात आहे. गाडीच्या ब्रेकांची तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र वैध असल्यावाचून गाडी सोडायची नसते. जेथे तपासणीचे कर्मचारीच नसतात, तेथे इंजिनचालक आणि गार्ड, ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे दोघे मिळून तपासणी करतात आणि लेखी नोंद करून गाडी पुढे नेतात. नियमाला अपवाद आहे. पण तो नियमानेच आखून दिलेला आहे आणि कागदावर उतरलेला आहे.

तेव्हा आरंभीच चूक आढळली, तर सामान्य नियम नकाराचाच असावा. मात्र नकार देण्याचीही एक रीत आहे, आणि पुष्कळ कार्यक्रम येथेच उणे पडतात. सर्वप्रथम, वाचन आणि तपासणी पुरी होईपर्यंत डीमनने कशालाही हात लावू नये. दार उघडले, काही नोंदी पुसल्या, काही नव्या केल्या, आणि मग तिसऱ्या पानावरची चूक दिसली, असे होता कामा नये. दुसरे असे की, डीमन सुरू होताना आज्ञा देणाऱ्याच्या पडद्यापासून अलग होऊन पार्श्वभूमीत जातो. तपासणी त्याच्या आधी झाली पाहिजे. ‘होय’ म्हणून माजघरात गेलेल्या गड्याने तेथे जाऊन, कोणालाही न कळवता, काम सोडून द्यावे, तसे नाही तर होते. बाहेरच्याला वाटते काम सुरू झाले. म्हणूनच अपयश आल्यास डीमनने शून्याखेरीज अन्य अंक मागे ठेवून संपावे, असा संकेत आहे. शून्य म्हणजे सारे ठीक. युनिक्सच्या एका जुन्या परंपरेत तर कॉन्फिगरेशनच्या चुकीसाठी ७८ हा स्वतंत्र अंकच राखून ठेवलेला आहे.

तिसरी गोष्ट निरोपाची. ‘फाइल चुकीची आहे’ एवढेच सांगणारा निरोप, आजारी माणसाला ‘तू आजारी आहेस’ असे सांगणाऱ्या वैद्यासारखा होय. कोणती फाइल, कितवी ओळ, कोणता शब्द, तेथे काय अपेक्षित होते, हे चारही त्यात हवे. एका चुकीवर थांबून पुढच्या वेळी दुसरी दाखवण्यापेक्षा, सापडतील तेवढ्या चुका एकदमच सांगणे अधिक उपकारक असते. हा निरोप वाचणारा माणूस बहुधा थकलेला असतो. रात्रपाळीवर एकटा असतो. पुष्कळदा फाइल त्याने लिहिलेलीही नसते. निरोपाची भाषा त्याच्यासाठी असावी. आणि चौथी गोष्ट, फसलेला डीमन पुन्हा पुन्हा उठवण्यात अर्थ नाही. तात्पुरत्या अडचणीत पुन्हा प्रयत्न केल्याने काम होते. चुकीचा लिहिलेला कागद शंभरदा वाचला तरी बरोबर होत नाही. लिनक्सवर सेवा सुरू करणारा सिस्टिमडी हा व्यवस्थापक, सामान्यतः दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाल्यावर पुढचे थांबवतो, ते याच कारणाने.

येथपर्यंत रेल्वेचे उदाहरण ठीक लागू पडले. परंतु एका ठिकाणी सर्व्हर आणि गाडी यांत भेद आहे. गाडी थांबली की बहुधा सुरक्षित असते. सर्व्हर थांबला की त्यावर विसंबलेली माणसे अडचणीत येतात. शेकडो मैलांवरच्या संगणकात शिरण्याचा एकमेव दरवाजा राखणारा डीमन नकार देऊन बसला, तर चूक दुरुस्त करायला आत जायचे कसे? शिवाय आणखी एक गोष्ट घडते. फाइलमधला बदल आज होतो, पण चालू असलेला डीमन ती फाइल लगेच पुन्हा वाचतोच असे नाही. चूक कागदावर निमूटपणे पडून राहते. तीन महिन्यांनी उन्हाळ्यातल्या एका रात्री वीज जाते, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्या वेळी डीमन प्रथमच तो कागद उघडतो. चूक करणारा तंत्रज्ञ तोवर दुसऱ्या गावी बदलून गेलेला असतो. अशा वेळी नकार कितीही योग्य असला, तरी तो उशिरा आलेला नकार असतो.

म्हणून तपासणी आरंभाच्याही आधी नेली पाहिजे. चांगल्या डीमनांत यासाठी एक निराळी सोय असते. ओपनएसएसएच काय किंवा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर काय, त्यांच्या आज्ञेला ‘टी’ हे अक्षर जोडले, तर ते काम सुरू न करता केवळ फाइल वाचतात आणि चूक असल्यास सांगतात. संगणकावरील सर्वाधिकार कोणाला द्यायचे, हे ठरवणारी युनिक्समधील फाइल संपादित करण्यासाठी तर ‘व्हिसुडो’ नावाचे स्वतंत्र साधनच आहे. व्याकरणाची चूक राहिली असेल तर ते जतन करण्यापूर्वीच माणसाला हटकते. कागद मालकाच्या हातातून सुटण्यापूर्वीच त्याला परत वाचून दाखवणारा हा गडी म्हटला पाहिजे.

चालू असलेल्या डीमनला नवी फाइल दिली जाते, तेव्हा नियम आणखी सोपा आहे, कारण त्याच्यापाशी एक निर्दोष कागद आधीच असतो. एन्जिनएक्सला फाइल पुन्हा वाचण्याचा संकेत मिळाला, की तो आधी नवी फाइल तपासतो, तिच्याप्रमाणे व्यवस्था लावून पाहतो, आणि ते जमले नाही तर नवी टाकून जुन्याच फाइलप्रमाणे काम चालू ठेवतो. नवे पक्के झाल्याशिवाय जुने सोडायचे नाही. मग हाच उपाय आरंभीही का वापरू नये? शेवटची चांगली प्रत जपून ठेवावी आणि नवी बिघडलेली निघाली तर तिच्यावर सुरू व्हावे, असे म्हणता येईल. काही ठिकाणी ते योग्यही ठरते. परंतु नवा कागद मालकाने काही कारणाने लिहिलेला असतो. काल कामावरून दूर केलेल्या माणसाची परवानगी काढून घेण्यासाठीच तो लिहिला असेल, तर जुन्या कागदावर मुकाट्याने चालणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा दार उघडून देणे होय. म्हणून अशी सोय मालकाने आधी जाणून मागितलेली असावी, आणि ती वापरली गेल्याची खूण ठळकपणे दिसत राहावी.

या साऱ्या गोष्टी बारीकसारीक वाटतात. पण त्यांची किंमत जगाने अलीकडेच दोनदा मोजली आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक कार्यक्रमासाठी एक नवी माहितीफाइल जगभर पाठवली. कार्यक्रम २० घटकांची अपेक्षा करीत होता. नव्या फाइलच्या रचनेत २१ घटक होते. पाठवण्यापूर्वीच्या तपासणीला ही विसंगती दिसली नाही, आणि कार्यक्रमाने स्वतः घटक मोजून न पाहताच एकविसाव्याला हात घातला. विंडोजवरचे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. ते पुन्हा सुरू होताना तीच फाइल वाचत आणि पुन्हा कोसळत. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तरी अडकलेले कित्येक संगणक माणसांनी एकेक करून हाताने सावरावे लागले. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. पुढे १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या जाळ्यात असेच काही घडले. एका आपोआप तयार होणाऱ्या फाइलचा आकार दुपटीहून अधिक झाला. ती वाचणाऱ्या कार्यक्रमाची मर्यादा २०० नोंदींची होती. आणि मर्यादा ओलांडलेली दिसताच कार्यक्रमच मोडून पडला. असंख्य संकेतस्थळे काही तास अडखळली. पूर्वीची चांगली फाइल परत बसवल्यावरच व्यवहार मार्गी लागला.

या दोन्ही प्रसंगांतून एक सूक्ष्म भेद स्पष्ट होतो. नकार देणे निराळे आणि कोसळणे निराळे. चुकीचा कागद पाहून ‘हा मी पाळणार नाही’ असे सांगणारा गडी आणि तो पाहून भोवळ येऊन पडणारा गडी, दोघांनीही कागद पाळला नाही. पण पहिल्याने घर राखले. आणखी एक बोध असा की, या फाइली घरच्याच होत्या. बाहेरच्याकडून आलेल्या कागदाकडे कार्यक्रम संशयाने पाहतो. आपल्याच कचेरीतून आलेला कागद मात्र डोळे मिटून स्वीकारतो. चूक मात्र घर पाहून येत नाही.

आपल्या देशातील रेल्वेनेही या प्रश्नाची दुसरी, अधिक दारुण बाजू पाहिली आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, आणि सांधा मात्र मालगाडी उभी असलेल्या बाजूच्या मार्गाकडे लागलेला होता. २९० हून अधिक माणसे मरण पावली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत असे आढळले की, सिग्नलच्या मंडलात पूर्वी केलेल्या फेरबदलात चूक राहिली होती, आणि त्या दिवशीच्या दुरुस्तीच्या कामातही त्रुटी होत्या. सिग्नल-यंत्रणेला दिलेले तारांचे जोडकाम हीही एक प्रकारची लिहिलेली आज्ञाच असते. ती चुकीची होती, पण यंत्रणेला चुकीची वाटली नाही. आधी सांगितलेली सहावी चूक ती हीच. तेथे माणसानेच, बदल केल्यानंतर आणि पहिली गाडी सोडण्यापूर्वी, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक सिग्नल यांचा मेळ प्रत्यक्ष पाहून घ्यावा लागतो. यंत्राची तपासणी माणसाच्या तपासणीची जागा घेत नाही. ती केवळ तिचे ओझे हलके करते.

आता पुन्हा झाशीच्या फलाटाकडे वळावे. सिग्नल बिघडला आणि तांबडाच राहिला, तर गाडी तेथे जन्मभर उभी राहत नाही. स्टेशनमास्तर मार्गाची खात्री करून लेखी परवाना देतो, चालक तो वाचून स्वीकारतो आणि गाडी अगदी मंद गतीने बिघडलेल्या सिग्नलपुढे काढतो. यंत्राने नकार दिला, निर्णय माणसाच्या हाती आला, आणि माणसाने तो सही करून घेतला. सर्व्हरच्या डीमनकडून याहून अधिक अपेक्षा नाही. त्याने अंदाज बांधू नये, अर्धवट धावू नये, कोसळून पडू नये. कोठे अडले ते नेमके सांगून, हाती चांगला कागद असेल तर तो घट्ट धरून, माणसाची वाट पाहावी. उशिरा सुटलेल्या गाडीतील प्रवासी थोडा वेळ कुरकुरतात, आणि सकाळी आपापल्या गावी सुखरूप उतरतात.